सही करणाऱ्याला खरेदी शिकवा

सरकारी खरेदीतल्या गोंधळाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं. हा प्रश्न ज्ञानाचा नाही, दानतीचा आहे. ज्याला खायचंच आहे त्याला कितीही शिकवलं तरी तो अधिक सफाईने खाईल, आणि ज्याला खायचं नाही त्याला शिकवायची गरज नाही. तेव्हा खरेदीचं प्रशिक्षण, त्याची प्रमाणपत्रं, खरेदीसाठी वेगळी सेवा हे सगळं पैसे वाया घालवणं आहे. त्यापेक्षा सगळा कारभार ऑनलाइन करा, दक्षता पथकं वाढवा आणि दोन-चार जणांना आत टाका. हे मत विधिमंडळापासून निवृत्त अधिकाऱ्यांच्या बैठकांपर्यंत इतक्या खात्रीने मांडलं जातं की ते खोडून काढावं असंही कोणाला वाटत नाही. मला वाटतं. कारण या समजुतीची किंमत सरकारी दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाने मोजली आहे, आणि महाराष्ट्रात ती फार जड गेली आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्यांना ग्लिसरॉल दिलं गेलं होतं. ते औषधी दर्जाचं नव्हतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या तिन्ही ठिकाणच्या कारभाराचे वाभाडे काढले, आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. दानतीचा प्रश्न तिथे होता आणि तो मोठा होता, हे कोणी नाकारू नये. पण दानतीच्या पलीकडचे साधे प्रश्नही तिथे होते. औषध म्हणून पोटात जाणाऱ्या ग्लिसरॉलचा दर्जा कोणता असावा? पुरवठादाराकडे ते बनवण्याचा किंवा विकण्याचा योग्य परवाना आहे का? आलेल्या मालाचा नमुना वॉर्डात जाण्याआधी कोणी, कुठे तपासायचा? हे प्रश्न विचारणं म्हणजेच खरेदी. जो हे प्रश्न विचारत नाही तो फक्त बिलं मंजूर करत असतो.

आता २०२४ मध्ये या. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या नमुन्यात औषधच नव्हतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी धागेदोरे शोधत नेले तेव्हा स्टार्च आणि टाल्कम पावडरच्या गोळ्या सरकारी पुरवठा साखळीत शिरल्याचं उघड झालं. मधल्या अडतीस वर्षांत किती चौकशा झाल्या, किती निलंबनं झाली, किती परिपत्रकं निघाली! टाइपरायटरवरच्या निविदा संगणकावर आल्या. मात्र आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना, त्यावरचं कंपनीचं नाव झाकून, स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवाल हाती आल्याशिवाय एकही गोळी रुग्णाला द्यायची नाही, ही सवय आपल्या यंत्रणेच्या अंगी पुरती बाणली नाही. निव्वळ धाकाने ती बाणत नाही. ती शिकवावी लागते आणि रोजच्या कामाचा भाग करावी लागते.

‘सगळा घोटाळा खाबूगिरीचाच’ या म्हणण्याला आकड्यांचंही फारसं पाठबळ नाही. इटलीतल्या सरकारी कार्यालयांनी कागद, फर्निचर, दूरध्वनी यांसारख्या नेहमीच्या वस्तू किती दराने घेतल्या, याचा बारकाईने अभ्यास तीन अर्थतज्ज्ञांनी केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच वस्तू एका कार्यालयाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग का पडते, हे त्यांनी तपासलं. वाया गेलेल्या पैशांपैकी सुमारे ८३ टक्के पैसा कोणाच्याही खिशात गेलेला नव्हता. तो नुसता वाया गेला होता. न येणाऱ्या कामामुळे, ढिलाईमुळे आणि नियमांच्या जंजाळामुळे. इटली म्हणजे महाराष्ट्र नव्हे, आपल्याकडे खाणाऱ्यांचं प्रमाण जास्त असेल, असं कोणी म्हणेल. समजा ते दुप्पट-तिप्पट धरलं, तरीही उरलेला मोठा भाग न खाता वाया गेलेलाच राहतो. त्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे औषध नाही.

हा न खाता वाया जाणारा पैसा कसा जातो, हे पाहायचं तर ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात बसावं. वर्षाचं मागणीपत्र भरायचं असतं. औषधनिर्माण अधिकारी साठा नोंदवही उघडतो, गेल्या वर्षी किती गोळ्या दिल्या ते बघतो, त्यावर दहा टक्के चढवतो आणि आकडा टाकतो. यात गैर काही नाही, पद्धतच तशी आहे. आता समजा, एका गोळीचा साठा गेल्या वर्षी चार महिने शून्य होता. उरलेल्या आठ महिन्यांत १६,००० गोळ्या गेल्या. म्हणजे खरी गरज महिन्याला २,००० ची, वर्षाला २४,००० ची. पण नोंदवहीत वर्षाचा वापर दिसतो १६,०००. त्यावर दहा टक्के चढवले की मागणी होते १७,६००. गोळ्या वेळेवर आल्या तरी हा साठा नवव्या महिन्यात संपणार. पुन्हा खडखडाट, पुन्हा नोंदवहीत कमी वापर आणि पुढच्या वर्षी पुन्हा कमी मागणी. या माणसाने एक पैसा खाल्लेला नाही. साठा नसलेले महिने वगळून सरासरी काढायची असते, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नाही. हे सांगायला एक दुपार पुरते. न सांगितल्यामुळे काय होतं, ते रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या मेडिकल दुकानांपाशी उभं राहिलं की दिसतं. डॉक्टरने लिहिलेली ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी हातात घेऊन मजूर बाई उभी असते, आणि दुकानदार तिला विचारतो, पूर्ण पट्टी देऊ की चार गोळ्या?

पोर्टलवर भरवसा ठेवणाऱ्यांविषयी फार लिहावं असं नाही. ९ ऑगस्ट २०१६ ला केंद्राने जेम, म्हणजे सरकारी ई-बाजारपेठ सुरू केली आणि २०२३-२४ मध्ये तिच्यावरची उलाढाल चार लाख कोटी रुपयांच्या वर गेली. विक्रेत्यांना दार उघडं झालं, दर सर्वांना दिसू लागले, हे चांगलंच झालं. पण पोर्टल तुम्ही सांगाल ती वस्तू तुमच्यापुढे आणतं. काय सांगायचं, ते त्याला ठरवता येत नाही. वैद्यकीय उपकरणाच्या तपशिलात विजेचा भार, बसवून देणं, चालवणाऱ्याचं प्रशिक्षण, पाच वर्षांची देखभाल आणि सुटे भाग किती दिवसांत यायला हवेत, हे लिहिलं नसेल तर सर्वांत स्वस्त यंत्र येतं आणि प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेलं व्हरांड्यात पडून राहतं. उलट तपशिलात एकाच कंपनीच्या पत्रकातली मापं उतरवली असतील, तर ऑनलाइन निविदेतही तीच कंपनी जिंकते, आणि सगळं कसं नियमात बसतं. केंद्राची पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय ही जुनी खरेदी संस्था ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाली. तिच्यात दोष बरेच होते. पण माल पाठवण्याआधी कारखान्यात जाऊन तपासणारे निरीक्षक तिच्याकडे होते. संकेतस्थळ त्या निरीक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला केंद्राकडून दीडशे व्हेंटिलेटर आले. त्यांतले बहुतेक नीट चालत नाहीत, ही तक्रार २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेली. केंद्राच्या बाजूने सांगण्यात आलं की यंत्रात दोष नाही, रुग्णालयातल्या लोकांना ती नीट हाताळता येत नाहीत. डॉक्टरांचा अहवाल उलटं सांगत होता. न्यायालयाने या टोलवाटोलवीवर नाराजी व्यक्त केली. खरं कोणाचं, हा वाद क्षणभर बाजूला ठेवा. स्वीकृती चाचणी कुठे झाली, ती कोणाच्या समोर झाली आणि कोणत्या निकषांवर झाली, हे करारात आधीच लिहिलेलं असतं तर हा वाद न्यायालयात जायचं कारणच नव्हतं. यंत्र उतरवून घेतानाच त्याचा निकाल लागला असता.

आता येतो तो युक्तिवाद, जो महाराष्ट्राला सर्वांत महाग पडला. तो असा, की विखुरलेली खरेदी हेच दुखणं आहे. एक मध्यवर्ती संस्था नेमा, सगळं तिच्याकडे द्या, प्रश्न मिटला. २०१७ मध्ये राज्य सरकारने तसं केलं. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या औषधांची व उपकरणांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. परळच्या या संस्थेचा वारसा मोठा आहे. मुंबईतल्या प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, आणि पुढे पोलिओची लस आणि सर्पदंशावरचं औषध इथून देशभर गेलं. पण ही लस आणि औषध बनवणारी संस्था. तिला रातोरात शेकडो औषधांच्या निविदा काढणारी, पुरवठादार पारखणारी आणि जिल्ह्याजिल्ह्यात माल पोचवणारी संस्था व्हायला सांगितलं गेलं. त्या कामाची माणसं कुठून येणार, ती कोण घडवणार, याचा विचार निर्णयाच्या मागे दिसत नाही. मग व्हायचं ते झालं. रुग्णालयं म्हणत, हाफकिनकडून माल येत नाही. हाफकिन म्हणे, विभागांनी तपशील उशिरा दिले, निधी उशिरा वर्ग केला. दोघंही पुष्कळ अंशी खरं बोलत होती. निधी पडून होता आणि रुग्णालयं रिकामी होती. शेवटी २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. अधिष्ठात्यांनी सुरुवातीला औषध खरेदी रखडल्याचं सांगितलं, सरकारने तुटवडा नव्हता असं म्हटलं. या मृत्यूंचं एकच कारण कोणी सांगू नये. लांबून आलेले अत्यवस्थ रुग्ण, रिक्त पदं, खाटांपेक्षा जास्त भरती, असं बरंच काही त्यात होतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलेल्या गोष्टींत एक हीही होती, की खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आहे का? कायदा झाला होता, संस्था उभी राहिली होती, आणि तिच्या प्रमुखाच्या खुर्चीवर पूर्णवेळ माणूस आहे की नाही हे न्यायालयाला विचारावं लागत होतं. त्याच आठवड्यात एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना रुग्णालयाचं स्वच्छतागृह साफ करायला लावलं. चित्रफीत राज्यभर फिरली. संताप मला समजतो. पण वरून जाब विचारण्याची आपली पद्धत हीच असेल, तर त्यातून पुढचं मागणीपत्र एका गोळीनेही सुधारत नाही.

मध्यवर्ती संस्था हे उत्तर चूक नाही. तमिळनाडूने ते १९९४ मध्ये दिलं आणि ते आजही चालतं आहे. मात्र त्यांनी फक्त पाटी लावली नाही. तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ उभं करताना पूर्णलिंगम यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कामाचा प्रत्येक टप्पा बांधून घेतला. आधी अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी. मग दोन लिफाफ्यांची निविदा, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात पास झालेल्याचाच दर उघडायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी गोदामं. प्रत्येक रुग्णालयाच्या नावे पासबुक, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते आणि गरजेप्रमाणे औषध उचललं की तेवढी वजा होते. प्रत्येक बॅचचा नमुना सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेत जातो, म्हणजे तपासणाऱ्याला कंपनीचं नाव कळत नाही. अहवाल चांगला आला की पुरवठादाराचे पैसे लवकर मोकळे होतात. राजस्थानने २०११ मध्ये हीच वाट धरली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. पासबुक वापरायचं कसं, साठा किती महिन्यांचा ठेवायचा, नमुना कसा काढायचा, हे त्या राज्यांतल्या औषधनिर्माणशास्त्राच्या माणसांनी वर्षानुवर्षं हाताने केलेलं आहे. महामंडळाची खरी भांडवली ठेव तीच आहे. आपण तिथल्या इमारतीचा नकाशा आणला, माणसं घडवली नाहीत.

यावर अधिकाऱ्यांच्या बाजूने एक खराखुरा आक्षेप येतो, आणि त्याला आदराने उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, प्रशिक्षणाचं ठीक आहे, पण देखरेखीचं नाव काढू नका. महालेखापाल आहेत, कोषागार आहे, लाचलुचपतवाले आहेत, माहितीचा अधिकार आहे, लोकलेखा समिती आहे. आधीच इतके डोळे आहेत की कोणी सही करायला धजत नाही. हे खोटं नाही. २०१८ पर्यंत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अशी तरतूद होती की लाच घेतल्याचं सिद्ध न होताही, सार्वजनिक हित नसताना कोणाचा तरी फायदा करून दिला, एवढ्यावर अधिकारी गुन्हेगार ठरू शकत होता. ती तरतूद गेली, निर्णयांच्या चौकशीसाठी पूर्वपरवानगीचं कलम आलं, पण भीती गेली नाही. भ्यालेला अधिकारी काय करतो? तो सर्वांत कमी दराला मंजुरी देतो. कारण कमी दर घेतला म्हणून कोणी जाब विचारत नाही, जास्त दर घेतला की दहा जण विचारतात. औषधाची गुणवत्ता, यंत्राचं आयुष्य, पुरवठादाराचा पूर्वेतिहास हे सगळं कमी दराच्या आड दडतं. फाइल सुरक्षित राहते, रुग्ण राहत नाही.

पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात काही वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एक मोठा प्रयोग झाला. सरकारी कार्यालयांतल्या खरेदी अधिकाऱ्यांचे गट पाडून काहींना कागद, टोनर अशा रोजच्या वस्तू घेण्याची अधिक मोकळीक दिली, काहींना चांगल्या दरासाठी बक्षीस ठेवलं. मोकळीक मिळालेल्यांनी गुणवत्ता न घसरवता सरासरी नऊ टक्के कमी दराने खरेदी केली. आणि मोकळीकीचा सर्वांत जास्त फायदा तिथे झाला, जिथे लेखाधिकारी बिलं अडवून वर्षाच्या शेवटाकडे ढकलत असत. लाहोरचा कारकून आणि लातूरचा कारकून यांच्या अडचणींत फार फरक असेल असं मला वाटत नाही. त्या प्रयोगावरून मी हे घेतो, की देखरेख कागद अडवण्यापुरती उरली तर ती स्वतःच महागाई करते. बिल सहा महिने अडकणार हे ज्या पुरवठादाराला ठाऊक असतं, तो ते सहा महिने दरात धरतो, आणि ज्याला तेवढा काळ तग धरणं जमत नाही, तो लहान आणि बहुधा प्रामाणिक पुरवठादार पुढच्या निविदेत येतच नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. तो कायदा मोडणाऱ्यांत सरकारी कार्यालयंही असतात.

म्हणून देखरेख कमी करा असं मी म्हणत नाही. तिने बघायच्या गोष्टी बदला, असं म्हणतो. आज लेखापरीक्षणात विचारलं जातं की तुलनात्मक तक्त्यावर तिघांच्या सह्या आहेत का. विचारायला हवं ते हे, की अत्यावश्यक यादीतली किती औषधं त्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात होती? किती बॅच तपासणीत नापास झाल्या आणि त्या परत गेल्या का? निविदा काढल्यापासून माल येईपर्यंत किती दिवस गेले? शेजारच्या जिल्ह्याने हीच वस्तू कितीला घेतली? हे प्रश्न तीन-चार वर्षांनी महालेखापालांच्या अहवालात छापून येण्याआधी, माल यायच्या सुमारास विचारले गेले पाहिजेत. आणि ते विचारणाऱ्यालाही खरेदी कळली पाहिजे. तुलनात्मक तक्ता वाचता येणारा पण तांत्रिक तपशील वाचता न येणारा लेखापरीक्षक आपल्या आक्षेपांनी चांगल्या अधिकाऱ्याला वाईट खरेदीकडेच ढकलतो. प्रशिक्षण फक्त सही करणाऱ्याला नव्हे, तपासणाऱ्यालाही हवं.

नियम सैल होत चालले आहेत, तेव्हा तर ते अधिकच हवं. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ ला काढलेल्या सूचनांनी फक्त कमी दराचा हट्ट मोडायला वाट करून दिली. काही कामांत आणि सेवांत गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. मी या बदलाच्या बाजूचा आहे. पण गुणवत्तेला गुण द्यायचे म्हणजे कोणीतरी बसून, कारणं लिहून, उद्या न्यायालयात टिकतील असे गुण द्यायचे. हे ज्याला कधी शिकवलेलं नाही, तो एक तर घाबरून पुन्हा कमी दराकडे वळेल किंवा ओळखीच्या माणसाला गुण वाटेल. दोन्हींची तयारी आपण आत्ताच करून ठेवतो आहोत.

मार्चचा प्रश्नही याच पठडीतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी २४ शासन निर्णय काढून चिक्कीसह २०६ कोटींची खरेदी निविदेऐवजी दरकरारावर मंजूर केली. प्रकरण गाजलं, लाचलुचपत विभागाने गुन्हा आढळला नाही असं सांगून ते मिटवलं. त्या निष्कर्षाशी इथे मला वाद घालायचा नाही. मला लक्षात राहतो तो तेव्हा केलेला बचाव. तो असा होता, की मार्चअखेर निधी परत गेला असता आणि निविदेला वेळ नव्हता. हा बचाव खरा धरला तर तो अधिक गंभीर आहे. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षभर खाऊ लागणार, हे एप्रिलमध्ये कळत नव्हतं का? वार्षिक खरेदीचं नियोजन, म्हणजे कोणत्या महिन्यात काय लागेल आणि त्यासाठी निविदा कधी निघाली पाहिजे याचा साधा तक्ता, हे खरेदीच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचं पहिलं प्रकरण असतं. ते येत नसेल तर फेब्रुवारीत सगळेच नियम गैरसोयीचे वाटू लागतात.

हे भारतात होत नाही, असंही कोणी म्हणू नये. रेल्वेने खरेदीसाठी वेगळी भांडार सेवा कित्येक दशकं चालवली. चाकांपासून रुळांपर्यंतचा माल घेणारे अधिकारी अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून येत, त्यांना आत आल्यावर खरेदीच शिकवली जाई, आणि कारकिर्दीचा मोठा भाग ते तेच काम करत. अलीकडे रेल्वेच्या सेवा एकत्र करण्याचा निर्णय झाला, पण खरेदी हे पूर्णवेळ करायचं आणि वर्षानुवर्षं मुरायचं काम आहे, ही समज त्या व्यवस्थेने देशाला दिली. आपल्या जिल्हा परिषदेत मात्र आज पाणीपुरवठा बघणारा उद्या आरोग्य खात्याच्या निविदांवर बसतो, आणि ते जरा हाताला लागेपर्यंत त्याची बदली होते. राज्याने १ डिसेंबर २०१६ ला खरेदीची नियमपुस्तिका काढली, ती मोठ्या कष्टाने तयार झालेली आहे. पण नुसती पुस्तिका हातात देऊन कोणी खरेदी शिकलेला नाही.

तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सरकारी खरेदीचे कायदे केले. केंद्राचं खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आलं आणि २०१४ मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर संपलं. महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तूंपुरता कायदा केला आहे. सर्व खात्यांसाठी कायदा व्हायलाच हवा, आणि त्यात खरेदीची सही करण्याआधी प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं असावं. पण त्या कायद्यासाठी थांबायचं कारण नाही. वैद्यकीय वस्तू प्राधिकरणात खरेदी शिकलेली आणि किमान पाच वर्षं न बदलणारी माणसं बसवणं सरकारच्या हातात आजच आहे. यशदासारखी प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे. तिथे औषधनिर्माण अधिकाऱ्यांपासून सुरुवात करावी, मंत्रालयातल्या सचिवांपासून नव्हे, कारण चुकीचा आकडा त्या भांडारातच जन्म घेतो. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अत्यावश्यक यादीतलं कोणतं औषध आज शिल्लक आहे आणि किती दिवस पुरेल, याचा तक्ता दर आठवड्याला जाहीर व्हावा. साठ्याच्या नोंदी संगणकावर ठेवण्याची सोय राज्यात आधीपासून आहे, तेव्हा हे होत नाही असं म्हणणाऱ्याने का होत नाही ते लेखी सांगावं. लोकलेखा समितीने पुढच्या वेळी आरोग्य सचिवांना बोलावलं की निलंबनांची यादी मागण्याआधी हा तक्ता मागावा, आणि तो भरणाऱ्या माणसाला हे काम कोणी आणि कधी शिकवलं, ते विचारावं.